विष कोंडणारी पेटी

खरवईच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात काम केलेल्या माणसाला आल्डिहाइड ही काय चीज आहे ते सांगावे लागत नाही. वास उग्र, डोळ्यांना झोंबणारा. असिटाल्डिहाइड तर २० अंशांनाच उकळते, म्हणजे बदलापूरच्या ऐन हिवाळ्यातल्या दुपारीसुद्धा ते उघड्या भांड्यात टिकायचे नाही. शिवाय ही रसायने प्रथिनांना आणि डीएनएला जाऊन चिकटतात. ज्या प्रक्रियेत असा माल मधेच तयार होतो, ती बंद रिअ‍ॅक्टरमध्येच करायची असते. कच्चा माल आत जावा, तयार माल बाहेर यावा, मधला मात्र आतच राहून संपावा. माणसाच्या आतड्यातले काही जिवाणू नेमकी हीच व्यवस्था फार पूर्वीपासून चालवत आले आहेत. त्यांचा रिअ‍ॅक्टर मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा असतो आणि तो पोलादाचा नसून निव्वळ प्रथिनाचा असतो.

शास्त्रज्ञांना हे उमगायला अर्धे शतक लागले. पेटी दिसत नव्हती म्हणून उशीर झाला असे नाही. ती पहिल्यापासून दिसत होती. तिच्यात काय कोंडले आहे आणि कशासाठी, हा प्रश्न विचारायला उशीर झाला.

पेटी पहिल्यांदा दिसली १९५६ साली. गेरहार्ट ड्रेव्स आणि वेर्नर निक्लोवित्झ हे जर्मन संशोधक फॉर्मिडियम नावाच्या नीलहरित जिवाणूचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. पेशीत त्यांना सरळ कडांच्या, अनेक पैलूंच्या गडद आकृत्या आढळल्या. त्या काळी पाठ्यपुस्तकात जिवाणूची ओळखच अशी दिली जाई की त्याच्या पेशीत केंद्रक नाही, कप्पे नाहीत. सगळा कारभार एकाच द्रवात चालतो. आपल्या पेशींत मेदाच्या पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे असतात, जिवाणूत ते नसतात. मग या रेखीव आकृत्या कसल्या? अशी भूमिती जीवसृष्टीत एकाच ठिकाणी ठाऊक होती, ती म्हणजे विषाणूंच्या कवचात. त्यामुळे जिवाणूला विषाणूची लागण झाली असावी, असा संशय बरीच वर्षे घेतला गेला. तो अगदीच वेडगळ नव्हता. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

संशय दूर केला अमेरिकेतल्या जेसप शाइव्हली यांनी, १९७३ मध्ये. गंधकावर जगणाऱ्या एका जिवाणूच्या पेशी फोडून त्यांनी त्या आकृत्या शाबूत बाहेर काढल्या आणि त्यांत काय आहे ते तपासले. आत होते रुबिस्को, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर करण्याच्या कामातले मुख्य एन्झाइम. पेटीला कार्बॉक्सिसोम हे नाव मिळाले. नाव चांगले होते, पण त्याने एक नुकसानही केले. पुढची वीस वर्षे सगळ्यांनी धरून चालले की ही पेटी फक्त कार्बन पकडणाऱ्या जिवाणूंची. आतड्यात, दुसऱ्याने खाल्लेल्या अन्नावर जगणाऱ्या जिवाणूकडे ती असायचे कारणच नव्हते. कुणी शोधलेही नाही.

तिकडचा रस्ता निघाला तो अगदी वेगळ्या दिशेने, रक्तक्षयाच्या अभ्यासातून. त्याचा एक फाटा आपल्या परळमधून जातो. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या जीवघेण्या पंडुरोगाचे कारण शोधू लागल्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, हा रोग हटतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. त्याचे जोडीदार जीवनसत्त्व बी-१२ हे १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये यकृतातून वेगळे काढण्यात आले. डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उलगडली तीही १९५६ मध्येच. योगायोग एवढाच, जर्मनीतल्या पेटीचा आणि ऑक्सफर्डमधल्या रेणूचा एकमेकांशी काही संबंध असेल असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आले नसते.

बी-१२ ची खासियत अशी की ते वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव. आणि बनवणे सोपे नाही, डझनावारी जनुके त्यासाठी राबतात.

१९८४ मध्ये यूटा विद्यापीठात जॉन रॉथ यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की साल्मोनेला हा आतड्यात जुलाब घडवणारा जिवाणू, ऑक्सिजन नसेल तेव्हा, बी-१२ स्वतः तयार करतो. इथे रॉथ अडले. जिवाणू काटकसरी असतात. जे जनुक वापरात नाही ते काही पिढ्यांत मोडून जाते. साल्मोनेला आपल्या जनुकसंचाचा सुमारे एक टक्का या एका जीवनसत्त्वावर खर्च करतो, पण प्रयोगशाळेच्या बशीत त्याला त्याची गरज पडताना दिसत नाही. मग हा एवढा खर्च कशासाठी?

उत्तराचे दोन धागे होते. पहिला एथेनॉलअमाइनचा. आतड्याचे अस्तर सतत झडत असते आणि झडलेल्या पेशींच्या पडद्यातून हा पदार्थ सुटतो. दुसरा धागा प्रोपेनडायॉलचा. फळभाज्यांच्या तंतूंत ऱ्हाम्नोज नावाची साखर असते, आपल्या आतड्याच्या श्लेष्म्यात फ्युकोज असते. आतड्यातले इतर जिवाणू त्या कुजवतात तेव्हा प्रोपेनडायॉल उरते. (हेच ते प्रोपिलीन ग्लायकॉल. औषधांच्या सिरपमध्ये आणि क्रीममध्ये ते असते आणि कारखान्यात पिंपांतून येते.) हे दोन्ही पदार्थ साल्मोनेला खाऊ शकतो, पण दोन्हींच्या पहिल्या पायरीला बी-१२ लागते. आणि त्या पहिल्या पायरीतून निघते आल्डिहाइड.

आता १९९४. रॉथ यांच्याच गटातले चेन आणि अँडरसन प्रोपेनडायॉल पचवणाऱ्या जनुकांच्या रांगेचा आरंभ वाचत होते. रांगेतल्या अगदी पहिल्या जनुकांपैकी एकाचा, पीडीयू-ए याचा, क्रम त्यांनी ज्ञात प्रथिनांशी ताडून पाहिला. तो जुळला कार्बॉक्सिसोमच्या कवचातल्या प्रथिनाशी. साल्मोनेला कार्बन डायऑक्साइड पकडत नाही आणि उजेडात वाढतही नाही. त्याच्याकडे या कवचाचे काय काम? मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे नवे यंत्र नव्हते की मोठा प्रयोग नव्हता. एक अनपेक्षित साम्य दिसले आणि ते चूक म्हणून बाजूला टाकले गेले नाही.

अर्थात जनुक असणे म्हणजे पेटी असणे नव्हे. ती प्रत्यक्ष दाखवली थॉमस बॉबिक यांनी, १९९९ मध्ये. रॉथ यांच्याकडे शिकलेले बॉबिक तेव्हा फ्लोरिडात होते. त्यांनी साल्मोनेलाला प्रोपेनडायॉलवर वाढवले आणि पेशींचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पेशी पैलूदार पेट्यांनी भरलेल्या होत्या. दुसरे अन्न दिलेल्या पेशींत त्या नव्हत्या, आणि ती जनुके काढून टाकलेल्या पेशींतही नव्हत्या. म्हणजे साल्मोनेला ही पेटी कायमची बाळगत नाही. तसे अन्न समोर आले की बांधतो. त्याच वर्षी रॉथ यांच्या गटाने एथेनॉलअमाइनसाठीच्या सतरा जनुकांची रांगही प्रसिद्ध केली. तिच्यातही कवचाची जनुके होती.

पेटी सापडली, आणि लगेच ती कशासाठी यावर गुरुशिष्यांत मतभेद झाले. रॉथ यांचे म्हणणे असे की आल्डिहाइड उडून जाते आणि जिवाणूचे अन्न हवेत जाते; पेटी ते अडवून धरते. जोसेफ पेनरॉड यांच्यासोबत २००६ मध्ये त्यांनी दाखवले की एथेनॉलअमाइनची पेटी नसलेल्या जिवाणूंचे असिटाल्डिहाइड खरोखर वायुरूपाने निसटते. बॉबिक यांचा कल विषाकडे होता. त्यांनी आणि एडिथ सॅम्पसन यांनी २००८ मध्ये प्रोपेनडायॉलच्या पेट्या नसलेले जिवाणू वाढवले तेव्हा त्यांच्यात प्रोपिऑनाल्डिहाइड साठत गेले, वाढ मधेच अडली आणि डीएनएत बिघाड वाढले. दोन्ही प्रयोग नीट केलेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की निम्मे भांडण उकळबिंदूचे होते. असिटाल्डिहाइड २० अंशांना उडते, प्रोपिऑनाल्डिहाइड ४८ अंशांना. पहिल्याच्या बाबतीत गळती जास्त डोळ्यांत भरणार आणि दुसऱ्याच्या बाबतीत विषबाधा.

पण दोघांच्याही म्हणण्याला एक अडचण समान होती. जी पेटी आल्डिहाइडसारखा छोटा रेणू बाहेर जाऊ देत नाही, ती प्रोपेनडायॉल आत कसे येऊ देते? दोन्ही रेणू जवळपास एकाच मापाचे. उत्तराची सुरुवात कॅलिफोर्नियात २००५ मध्ये झाली. शेरिल केरफेल्ड आणि टॉड येट्स यांनी कार्बॉक्सिसोमच्या कवचातल्या प्रथिनांची स्फटिकरचना काढली. सहा प्रथिने मिळून एक षटकोन होतो, षटकोन एकमेकांना लागून पत्रा तयार होतो आणि प्रत्येक षटकोनाच्या मधोमध एक बारीक छिद्र असते. तीन वर्षांनी कोपरे बंद करणारे पंचकोनही सापडले. मग २०१५ मध्ये बॉबिक आणि येट्स यांच्या गटांनी पीडीयू-ए च्या छिद्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. छिद्राच्या कडेला असलेली अमिनो आम्ले प्रोपेनडायॉलला धरून आत घेतात, आल्डिहाइडला तेवढी सहज वाट देत नाहीत. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक चिरंजित चौधरी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, आले. बॉबिक यांच्याकडे काम केलेल्या शर्मिष्ठा सिन्हा यांनी मोहालीच्या नॅनोविज्ञान संस्थेत याच पेट्यांवर काम सुरू केले. भारतात हा विषय रुजला तो या वाटेने.

मधल्या काळात विषाणूचा जुना संशय वेगळ्या रूपात परत आला. २००८ मध्ये झुरिकच्या नेनाद बान यांच्या गटाने थर्मोटोगा या उष्ण झऱ्यातल्या जिवाणूतून आणखी लहान प्रथिनपेटी उलगडली आणि तिला एनकॅप्सुलिन म्हटले. तिच्या प्रथिनाची घडी एचके-९७ या जिवाणुभक्षी विषाणूच्या कवचासारखी निघाली. विषाणूचे कवच कधीकाळी जिवाणूने आपलेसे करून घेतले असावे, असे आता मानतात. कार्बॉक्सिसोमची जात वेगळी आहे, तिच्याबद्दल १९५६ नंतरचा संशय चुकीचाच होता. पण प्रथिनपेट्यांच्या एका घराण्यापुरता तो खरा ठरला, म्हणायला हरकत नाही. क्षयाच्या जिवाणूकडेही एनकॅप्सुलिन आहे, आणि ऑक्सिजनच्या माऱ्यापासून बचाव करायला ते त्याच्या उपयोगी पडते असे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले.

आता आतड्यात जाऊ. रॉथ यांच्यापुढे १९८४ पासून आणखी एक कोडे होते. साल्मोनेला बी-१२ बनवतो ऑक्सिजन नसताना, पण प्रोपेनडायॉल आणि एथेनॉलअमाइन जाळायला त्याला श्वसन लागते आणि श्वसनाला ऑक्सिजन. मग या दोन गोष्टी एकत्र येतात कुठे? २००१ मध्ये रॉथ आणि बॉबिक यांनी मिळून सांगितले की टेट्राथायोनेट हे गंधकाचे संयुग मिळाले तर साल्मोनेला ऑक्सिजनविना हे दोन्ही पदार्थ खाऊन वाढतो. गंमत म्हणजे टेट्राथायोनेट वैद्यकीय प्रयोगशाळांना १९२३ पासून माहीत होते. मलाच्या नमुन्यात इतर जिवाणूंच्या गर्दीतून साल्मोनेला वेगळा वाढवायचा तर टेट्राथायोनेट ब्रॉथ वापरायचा, हा पॅथॉलॉजीतला नेहमीचा शिरस्ता. तो का लागू पडतो हे मात्र पाऊणशे वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. मग प्रश्न उरला की आतड्यात हे संयुग येते कुठून. अँड्रियास बॉयम्लर यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने २०१० मध्ये दाखवले की साल्मोनेला आतड्याला सूज आणतो, सुजेत आलेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे तिखट रेणू सोडतात आणि आतड्यातल्याच गंधकाच्या संयुगापासून टेट्राथायोनेट तयार होते. २०११ मध्ये एथेनॉलअमाइनचा आणि २०१७ मध्ये प्रोपेनडायॉलचा भाग जोडला गेला. आपल्या शरीराने जिवाणूला मारायला सोडलेली आग जिवाणूच श्वासाला वापरतो, आणि शेजाऱ्यांनी टाकून दिलेले प्रोपेनडायॉल पेटीत नेऊन खातो. शेजाऱ्यांना त्या वातावरणात टिकता येत नाही. जुलाबाच्या रुग्णाच्या आतड्यात साल्मोनेला बाकीच्यांना मागे टाकतो तो असा.

याचा उलटा पुरावा विषमज्वराने दिला. टायफॉइडचा जिवाणू हा साल्मोनेलाचाच प्रकार, पण तो आतड्यात रेंगाळत नाही. रक्तात, यकृतात, पित्ताशयात जातो. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात दोनशेहून अधिक मोडकी जनुके आढळली. २०१४ मध्ये शॉन-पॉल नुचिओ आणि बॉयम्लर यांनी शरीरभर पसरणाऱ्या आणि आतड्यातच राहणाऱ्या साल्मोनेलांची जनुके शेजारी ठेवून तुलना केली. पसरणाऱ्यांमध्ये जे जनुकसमूह मोडीत निघाले होते, त्यांत बी-१२, प्रोपेनडायॉल आणि टेट्राथायोनेट यांचे समूह ठळक होते. आतड्यातली स्पर्धा ज्यांनी सोडली, त्यांनी पेटीही सोडली. रॉथ यांच्या एक टक्क्याच्या हिशेबाला यापेक्षा बोलके उत्तर शोधून मिळाले नसते.

पेटी फक्त उपद्रवी जिवाणूंकडेच असते असे मात्र नाही. रोझबुरिया हा निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यातला रहिवासी. तो श्लेष्म्यातली फ्युकोज खाताना अशाच पेटीची जनुके चालू करतो हे स्कॉटलंडमधल्या कॅरेन स्कॉट यांच्या गटाने २००६ मध्ये नोंदवले. त्यातून प्रोपिऑनेट तयार होते, आणि ते आपल्या शरीराला उपयोगी पडते. दुसऱ्या टोकाला कोलीन आहे, अंड्यात आणि मांसात भरपूर असलेले. काही आतड्यातले जिवाणू ते तोडून ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात. यकृतात त्याचे जे रूप होते त्याची रक्तातली पातळी आणि हृदयविकार यांचा संबंध २०११ पासून चर्चेत आहे. कोलीन तोडणारी जनुके हार्वर्डच्या स्मारान्दा क्रॅचुन आणि एमिली बाल्स्कस यांनी २०१२ मध्ये शोधली, आणि त्या जनुकांच्या शेजारी पुन्हा कवचाची जनुके होतीच. एकच बांधणी, पण भाडेकरूनुसार आपले भलेही होते आणि बुरेही. त्यामुळे पेट्या बंद पाडणारे औषध ही कल्पना ऐकायला आकर्षक असली तरी तिच्याबद्दल मी जरा सावध राहीन.

महाराष्ट्रात या विषयाला वेगळेच वजन आहे, कारण बी-१२ ची कमतरता आपल्या घराघरांत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. २००१ मध्ये हेल्गा रेफ्सुम आणि याज्ञिक यांनी पुण्यातल्या २०४ स्त्रीपुरुषांच्या रक्ताचा निकाल प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्यांच्या रक्तात बी-१२ कमी होते. शाकाहार हे कारण होते, पण तेवढ्याने सगळे स्पष्ट होत नव्हते. २००८ मध्ये त्या खेड्यांतल्या मुलांबद्दल आणखी एक गोष्ट कळली. गरोदरपणी ज्या आयांना बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. लूसी विल्स यांच्या मार्माइटमधले फोलेट आणि त्याचा जोडीदार यांचे नाते परळहून पुण्याला येईपर्यंत असे गुंतागुंतीचे होऊन बसले.

सामान्य वाचकाला इथे प्रश्न पडेल की आतड्यातले जिवाणू बी-१२ बनवतात, मग आपल्याला कमी का पडते? बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात असतात आणि बी-१२ शोषले जाते त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. माल तयार होतो तोवर वेळ निघून गेलेली असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या अल्बर्ट, मथन आणि बेकर यांनी १९८० मध्ये दाखवले की दक्षिण भारतीयांच्या लहान आतड्यातलेही काही जिवाणू बी-१२ बनवतात, त्यामुळे काही जणांना थोडा हातभार लागत असावा. पण जिवाणू हे आपल्यासाठी बनवत नाहीत, हे साल्मोनेलाच्या पेटीने पुरेसे स्पष्ट केले आहे. त्यांना ते स्वतःच्या एन्झाइमसाठी हवे असते, आणि त्यातली काही एन्झाइमे या पेट्यांतच असतात.

पुण्यात या आतड्यातल्या वस्तीचाही अभ्यास चालू होता. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने २०१२ मध्ये एकत्र कुटुंबात एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. आगरकर संशोधन संस्थेचे दिलीप रानडे यांच्यासोबत त्यांनी मलातून ऑक्सिजन अजिबात न सोसणारा एक नवा जिवाणू वेगळा केला आणि २०१४ मध्ये त्याला मेगास्फेरा इंडिका हे नाव दिले. असे जिवाणू जिवंत सांभाळणे हे स्वतंत्र कसब आहे. पेटीवर प्रयोग करायचा तर जनुकांची यादी पुरत नाही. जिवाणू वाढवावा लागतो, त्याला योग्य ते अन्न द्यावे लागते, तेव्हा कुठे तो पेटी बांधतो.

यादी मात्र भराभर वाढते आहे. १९९० च्या दशकाअखेर पेट्यांचे तीन प्रकार माहीत होते. २०२१ मध्ये मार्कुस झुटर आणि केरफेल्ड यांनी जगभरचे जनुकसंच चाळून केलेल्या सूचीत ते साठाहून अधिक भरले. त्यातल्या काहींच्या नावापुढे आत कोणते रसायन कोंडलेले असते त्याची जागा अजून रिकामी आहे.